एका शेगडीवर एकच पदार्थ

व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत, रस्त्यावर खाण्याचा रिवाज सरळ आहे. जी बाई फो, म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या शेवया, विकते ती फोच विकते, आणि बहुधा सकाळीच. दुपारी तिथूनच चार पावलांवर कोळशाच्या शेगडीवर डुकराचं मांस भाजलं जातं. ते शेवया, पालेभाज्या आणि आंबटगोड पाण्याबरोबर खायचं, हा ‘बुन चा’. संध्याकाळी त्याच पदपथावर ताज्या बिअरचे पेले येतात. गिऱ्हाईक प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसतं आणि निवड करण्याच्या फंदात पडत नाही. एकच पदार्थ वर्षानुवर्षं करत राहिल्यानं हाताला आलेली सफाई, हे या शहराचं खरं वैभव आहे.

या रिवाजाची मुळं जुनी आहेत. 1010 साली राजा ली थाई तो यानं तांबड्या नदीकाठी, इथे, आपली राजधानी आणली. राजवाड्याच्या पूर्वेला कारागिरांच्या पेठा वाढल्या. हांग बाक चांदीची, हांग दुओंग साखरेची, हांग मा कागदी वस्तूंची. एकेका गावचे कारागीर एकेका गल्लीत येऊन राहिले. खाण्याचंही तसंच झालं. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या, पापुद्र्याइतक्या पातळ पोळ्या थान ची गावच्या. शेवया फू दो गावच्या. वोंग गावचा ‘कोम’ म्हणजे कोवळा चिकट तांदूळ भाजून, कांडून केलेले हिरवे दाणे. आपल्या हुरड्यासारखाच तो थोड्या दिवसांचा पाहुणा. शरद ऋतूत येतो आणि कमळाच्या पानात बांधून विकला जातो. एका गल्लीचं तर जुनं नावच पुसलं गेलं. हळद लावलेला मासा तव्यावर भरपूर शेपू आणि कांद्याच्या पातीबरोबर परतायचा, या ‘चा का’ पदार्थाचं नाव तिला मिळालं.

फो मात्र तुलनेनं तरुण आहे. शेतकऱ्याचा बैल नांगराचा; तो खाण्यासाठी सहसा कापला जात नसे. फ्रेंच अमलात गोमांसाची मागणी वाढली आणि हाडं स्वस्तात मिळू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोई आणि जवळच्या नाम दिन्ह प्रांतात फो रुजला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हाडं तासन्‌तास उकळायची, त्यात चक्रीफूल, दालचिनी, भाजलेलं आलं आणि कांदा घालायचा, आणि तरीही रस्सा नितळ ठेवायचा. खरी कसोटी तिथेच लागते.

टंचाईनंही या शहराला चवी दिल्या. 1946 च्या सुमारास दूध मिळेनासं झालं, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्युएन वान झांग यांनी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. ती कॉफी आज हनोईची ओळख आहे. अमेरिकी बॉम्बफेकीच्या काळात सरकारी दुकानांतून मांसाशिवाय फो मिळे. लोक त्याला ‘वैमानिकाविना फो’ म्हणत, कारण आकाशात अमेरिकेची वैमानिक नसलेली टेहळणी विमानं फिरत होती. युद्ध संपलं तरी रेशनची कुपनं सुटली नाहीत. 1986 च्या डिसेंबरात ‘दोई मोई’ या आर्थिक सुधारणांना मान्यता मिळाली आणि खासगी शेगड्या पुन्हा उघडपणे पेटल्या.

त्या शेगड्यांमागे मुख्यतः बायका आहेत. खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना टोपल्या; एकीत चूल किंवा भांडं, दुसरीत वाट्या आणि पाला. यांतल्या अनेकजणी तांबड्या नदीच्या खोऱ्यातल्या गावांतून येतात, शहरात दाटीवाटीच्या भाड्याच्या खोलीत राहतात आणि भातलावणीला, कापणीला घरी परततात. त्या कमाईवर घर चालतं, मुलांची शिक्षणं होतात. अरुंद दर्शनी भागाच्या, आत लांबवर गेलेल्या जुन्या घरांत एकेका छताखाली अनेक कुटुंबं राहतात. त्यांची न्याहारी या बायकांमुळेच होते.

पण पदपथ त्यांचा नाही. 2008 साली साठाहून अधिक रस्त्यांवर फेरीविक्रीला बंदी आली. 2017 साली पदपथ मोकळे करण्याची मोठी मोहीम निघाली. पायी चालणाऱ्याला वाट हवी, हे खरंच आहे; दुचाक्यांनी भरलेल्या हनोईत तर अधिकच. मात्र त्याच काळात या खाण्याचं कौतुकही वाढत गेलं. 2016 साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी खाद्यलेखक अँथनी बोर्डेन यांच्यासोबत एका साध्या दुकानात बुन चा खाल्ला. 2023 साली उपाहारगृहांना मानांकन देणारी मिशेलिनची मार्गदर्शिका शहरात आली. 2024 साली हनोईच्या फोला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा मिळाला.

पदार्थाचा सन्मान करायचा आणि तो करणाऱ्या बाईला हुसकावायचं, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. फोची कृती पुस्तकात जपता येईल. पण पहाटेपासून एकाच भांड्याकडे लक्ष देणारा हात जपायचा तर त्याला बसायला जागा, वापरायला पाणी आणि दंडाच्या भीतीपासून मोकळीक हवी. वेळा ठरवून द्याव्यात, जागा आखून द्याव्यात, स्वच्छतेचे नियमही लावावेत. हनोईची चव एकेका बाईनं एकेका पदार्थाला आयुष्य दिल्यामुळे टिकली आहे. वारशाच्या यादीत पहिला हक्क तिचा आहे.