बाळाचे जुलाब आणि संशोधनाची वर्गणी: पैसा नेमका कोण भरतं?

ज्यांना हा भाग बसमध्ये गोंगाटात नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

आपल्या जुन्नर-आंबेगावात यात्रेची वर्गणी कशी जमते, हे कुणाला शिकवावं लागत नाही. घरटी पावती फाटते, मुंबईकर मंडळी वेगळी रक्कम देतात, आणि यात्रा उरकली की पै-पैचा हिशेब मांडला जातो. आजचा प्रश्न असा, की पोटाच्या आजारांवर जे संशोधन होतं, त्याची वर्गणी कोण भरतं? आणि तिचा हिशेब कुणी विचारतं का?

मी बी.टेक. करून कोड लिहिणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. म्हणून एकच उदाहरण धरतो आणि पैशाचा माग काढतो. उदाहरण आहे रोटाव्हायरसचं.

हा विषाणू 1973 मध्ये ऑस्ट्रेलियात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. तो लहान बाळाच्या आतड्याच्या आतल्या थरावर हल्ला करतो. मग पाणी शोषलं जात नाही, जुलाब-उलट्या सुरू होतात आणि काही तासांत बाळ सुकायला लागतं. ओआरएसनं जीव वाचतो, पण बाळ सारखं उलटी करत असेल तर सलाईनच लागतं. आता डिंभे धरणाच्या मागच्या एखाद्या वाडीतून रात्री घोडेगावपर्यंत यायचं म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला विचारा. लस येण्याआधी भारतात या एका विषाणूनं वर्षाला सुमारे 78,000 मुलं दगावत होती, असा अंदाज आहे.

मग लस आधीच का नव्हती? परदेशात होती, पण महाग. आणि आपल्याकडची सुरुवात तर 1985-86 सालीच झाली होती. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाला दिसलं, की काही नवजात बाळांना रोटाव्हायरसचा संसर्ग होऊनही जुलाब होत नाहीत. त्यांच्यातला तो सौम्य विषाणू म्हणजे 116ई. लसीचं बियाणंच म्हणा ना! पण बियाणं हाती आल्यापासून लस बाळाच्या तोंडात पडेपर्यंत जवळपास तीस वर्षं गेली.

पैसा अडतो तो इथेच. प्रयोगशाळेतल्या शोधाला सरकारी निधी मिळू शकतो. तयार माल विकायला कंपनी पुढे येते. मधली पायरी म्हणजे हजारो बाळांवरची मोठी चाचणी. ती प्रचंड खर्चिक असते, आणि ती टाळताही येत नाही. अमेरिकेत रोटाव्हायरसची एक लस 1999 मध्ये मागे घ्यावी लागली, कारण काही बाळांमध्ये आतड्यात आतडं शिरून अडकल्याचं आढळलं. असा दुर्मीळ धोका शंभर-दोनशे बाळांत दिसतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर दहा युजरवर चाललेलं ॲप लाखभर लोकांवर कोसळू शकतं. फरक एवढाच, की इथे युजर म्हणजे सहा आठवड्यांचं बाळ असतं. आणि आजार गरिबांचा असेल, तर एवढा खर्च करून नफा मिळेलच असं नाही.

ही दरी अनेकांनी मिळून भरली. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि भारत बायोटेक कंपनी होतीच. पाथ या ना-नफा संस्थेमार्फत गेट्स फाउंडेशनची देणगी आली. नॉर्वे आणि ब्रिटनचा सरकारी पैसाही आला. मार्च 2011 पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुणे इथे 6,799 बाळांवर चाचणी झाली.

पुण्याचं काम केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरकडे होतं. या संस्थेचं ग्रामीण केंद्र शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला आहे. आपल्या भीमाशंकरला उगम पावलेली भीमा पुढे त्याच भागातून वाहते. तिथलं काम डॉ. बानू कोयाजींनी 1970 च्या दशकात उभं केलं, आणि 2002 पासून तिथल्या 22 गावांतल्या जन्म-मृत्यूंची सलग नोंद ठेवली जाते. अशी नोंद आणि घरोघरचा विश्वास आयत्या वेळी पैसे टाकून विकत मिळत नाही.

आता निकाल बघा. 4,532 बाळांना लस मिळाली, 2,267 बाळांना लसीसारखंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. लस न मिळालेल्यांत रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबाची 76 प्रकरणं झाली. लसवाला गट दुप्पट मोठा, म्हणजे लस निकामी असती तर तिथे साधारण 152 व्हायला हवी होती. झाली 71. म्हणजे निम्म्याहून जास्त त्रास टळला. अधिकृत आकडा 53.6 टक्के.

देणगीसोबत सगळ्यात मोलाची गोष्ट आली ती किमतीची. कंपनीनं एका डोसची किंमत एक डॉलर ठेवायचं जाहीर केलं. सरकारी कार्यक्रमासाठी हे परवडणारं होतं. 2016 पासून टप्प्याटप्प्यानं ही लस सरकारी लसीकरणात आली.

दुसरा नमुनाही पुण्याचाच. सीरम इन्स्टिट्यूटच्या रोटाव्हायरस लसीची एक मोठी चाचणी आफ्रिकेतल्या नायजर देशात झाली. तिला डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेनं पैसा पुरवला, आणि ही संस्था मुख्यतः जगभरातल्या लाखो सामान्य माणसांच्या देणग्यांवर चालते. 2017 मध्ये निकाल आला, 66.7 टक्के संरक्षण. म्हणजे फक्त अब्जाधीशच संशोधन घडवतात असं नाही. आपली यात्रेची पद्धत इथेही चालते.

पण एक खटकणारी बाजू आहे. देणारा ठरवतो की कोणता आजार आधी. लसीनं मृत्यू टळतात, आकडा ठळक दिसतो, म्हणून पैसा येतो. वर्षानुवर्षं आतड्याची सूज किंवा यकृताचा आजार घेऊन जगणाऱ्याचं दुखणं असं एका आकड्यात मावत नाही. शिवाय गरीब देशांत ही लस श्रीमंत देशांपेक्षा कमी का चालते, हा प्रश्नही पुरता सुटलेला नाही.

म्हणून तुमच्या कंपनीच्या सीएसआरमध्ये किंवा स्वतःच्या खिशातून संशोधनाला पैसे द्यायची वेळ आली, तर वर्गणीसारखेच प्रश्न विचारा. हा पैसा नेमक्या कोणत्या अडलेल्या पायरीला जाणार? निकाल वाईट आला तरी जाहीर करणार का? औषध निघालं तर ते कुणाला परवडेल? आणि ज्या गावांनी आपली लेकरं चाचणीत दिली, त्यांना निकाल कोण समजावून सांगणार? पावती फाडणाऱ्यापेक्षा त्या आयांनी जास्त दिलंय, हे हिशेबात धरायलाच हवं.

जाता जाता, घरात तान्हं बाळ असेल तर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे रोटाव्हायरसचे डोस झालेत का, ते लसीकरणाच्या कार्डावर आजच बघा. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतात. भेटू पुढच्या भागात!