सर्पदंश झाल्यावर थांबावें किती?

पावसाळा लागला कीं बिळांत पाणी शिरतें, साप कोरड्या जागेच्या शोधांत बाहेर पडतात आणि त्याच दिवसांत शेतकरी लावणीसाठीं चिखलांत उतरतो. अशा वेळीं दंश झाला म्हणजे घरांत प्रश्न एकच असतो : साप विषारी होता कीं नाहीं हें कळेपर्यंत थांबावें, कीं लगेच निघावें?

थांबा म्हणणाऱ्यांचें बोलणें अगदींच निराधार नसतें. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण किंवा दिवड चावल्यानें कोणी दगावत नाहीं. विषारी सापाच्या दंशांतहि कधीं कधीं विष उतरलेलेंच नसतें. मांत्रिकाची कीर्ति उभी आहे ती या दोन गोष्टींवर!

घोणस व फुरसें यांच्या विषानें रक्त गोठेनासें होतें. जागा सुजते, पुढें हिरड्यांतून रक्त येतें. नागाचा दंशहि बहुधा सुजतो. तेथें मनुष्य आपण होऊनच धांवपळ करतो. फसवते ती मण्यार. ती रात्रीं फिरते व जमिनीवर निजलेल्यास चावते. तिचे दांत इतके बारीक कीं खूण पुष्कळदां सांपडत नाहीं. वेदना नाममात्र, सूज नाहीं. पहांटे पोटांत दुखूं लागतें आणि घरचीं माणसें ओवा देतात. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळवत नाहीं. शेवटीं श्वासाचे स्नायू लुळे पडतात. म्हणून जमिनीवर निजलेला मनुष्य पोटदुखीनें उठला व त्याच्या पापण्या मिटूं लागल्या, तर साप कोणीं पाहिला नसला तरी तो सर्पदंशच समजावा. या विषानें मज्जातंतूंच्या टोकांना एकदां इजा झाली म्हणजे प्रतिविषानेंहि ती लगेच भरून येत नाहीं. कित्येक दिवस यंत्रानें श्वास द्यावा लागतो.

तेव्हां लक्षणांची वाट घरीं पाहूं नये, रुग्णालयांत पाहावी. तेथें गेल्यावर प्रत्येकास प्रतिविष टोचतात असें नाहीं. थोडें रक्त काचेच्या नळींत २० मिनिटें स्थिर ठेवतात. तें गोठलें नाहीं तर विष भिनलें असें ठरतें. एरवीं रोग्यास दिवसभर नजरेखालीं ठेवतात. प्रतिविष या चारहि सापांवर चालतें, त्यामुळें साप मारून नेण्यांत वेळ दवडूं नये. जखम कापूं नये, चोखूं नये, घट्ट दोरी आवळूं नये; दंशाचा अवयव फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा व रोग्यास चालूं देऊं नये. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जवळच्या कोणत्या रुग्णालयांत प्रतिविष असतें, ही चौकशी मात्र मृगापूर्वींच करून ठेवावी.