लोगोवरच अडकलेला फोन

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात पाइपलाइन रोड असो, गुलमोहर रोड असो की प्रोफेसर कॉलनी चौक, मोबाइल दुरुस्तीचं दुकान शोधायला फार चालावं लागत नाही. काउंटरवर येणारी दुखणीही बहुतेक ठरलेली. काच फुटली, बॅटरी टिकत नाही, चार्जिंगची पिन ढिली झाली. यात गोंधळाचं दुखणं एकच. बटण दाबलं की कंपनीचं नाव उमटतं, थोडा वेळ तसंच राहतं, पडदा काळा होतो आणि पुन्हा तेच नाव. गिऱ्हाईक सांगतं, "दादा, लोगोवर अडकलाय." दादा फोन उलटसुलट करून पाहतात, दोनदा बटण दाबतात आणि म्हणतात, "सॉफ्टवेअर मारावं लागेल. डेटा जाईल, चालेल ना?"

घाईत "चालेल" म्हणणारे कमी नसतात. बाळाच्या बारशाचे फोटो, दुकानाची उधारी लिहिलेली नोट, वडिलांच्या आवाजातला एखादा व्हॉइस मेसेज हे सगळं घरी परतल्यावर आठवतं. प्रश्नात खोट काही नाही, तो फार लवकर विचारला जातो एवढंच. सॉफ्टवेअर मारणं हा या आजारावरचा शेवटून दुसरा उपाय. त्याआधी पाहायचं असतं ते हे, की फोन नेमका कुठे अडकतोय.

बटण दाबल्यापासून होम स्क्रीन दिसेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात बरंच काही घडतं. प्रोसेसरच्या पोटात कारखान्यातच कोरलेला, कधीही न बदलणारा एक छोटासा प्रोग्रॅम असतो. आधी तो जागा होतो आणि मेमरीतल्या बूटलोडरला हाक मारतो. बूटलोडर पुढच्या भागावरची कंपनीची डिजिटल सही तपासतो. सही जुळली तरच कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, मेमरीत चढतो. कर्नल स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा यांची ओळख करून घेतो आणि मग अँड्रॉइडची मुख्य यंत्रणा सुरू करतो. लग्नाच्या पहाटे घरात होतं तसंच हे: आधी आजी उठते, ती आईला उठवते, आई बाकीच्यांना. मधलं एक माणूस उठलं नाही की पुढचे सगळे झोपलेलेच.

म्हणून अडकण्याची जागा बोलकी असते. फोन पूर्ण काळाच राहिला, चार्जरला लावूनही काही उमटलं नाही, तर संशय बॅटरी, चार्जिंग किंवा बोर्डावर. कंपनीचं स्थिर नाव दिसून तिथेच बंद पडत असेल तर गडबड बूटलोडर, कर्नल किंवा मेमरीच्या चिपमध्ये. नावानंतरचं हलतं चित्र सुरू झालं आणि फिरतच राहिलं, तर खालचे मजले बहुधा शाबूत आहेत, वरचं अँड्रॉइड कोलमडतंय. होम स्क्रीन येऊन मिनिटभरात फोन पुन्हा सुरू होत असेल, तर एखादं ॲप, भरून गेलेलं स्टोरेज किंवा थकलेली बॅटरी. सुरू होताना फोन एकदम जास्त वीज ओढतो. जुन्या बॅटरीचा दाब त्या क्षणी कोसळतो आणि फोन मान टाकतो. पडद्यावर मात्र ते सॉफ्टवेअरच्या बिघाडासारखंच दिसतं. घट्ट कव्हरने दाबून धरलेलं पॉवरचं बटणही हेच नाटक करतं. कव्हर काढून पाहायला तर पैसेही पडत नाहीत.

बिघाड पुन्हा पुन्हा तोच का येतो, हे कळायला २०२० सालचा एक किस्सा चांगला आहे. अमेरिकेतल्या ग्लेशिअर नॅशनल पार्कमधल्या एका तळ्याचा सुंदर फोटो त्या वर्षी मे-जूनमध्ये जगभर फिरला. अँड्रॉइड १० असलेल्या सॅमसंग, पिक्सेल अशा काही फोनांवर तो वॉलपेपर म्हणून लावला की फोन चालूबंद होत राहायचा. ना व्हायरस, ना कुणाचा कट. एका हौशी छायाचित्रकाराने फोटो संपादित करून नेहमीपेक्षा जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीत जतन केला होता, इतकंच. वॉलपेपर लावताना अँड्रॉइड प्रत्येक ठिपक्याचा उजेड मोजतं आणि शून्य ते २५५ अशा २५६ खणांत त्याची नोंद ठेवतं. या फोटोतल्या ठिपक्याचा हिशेब २५५ च्या पलीकडे गेला. तिथे खणच नव्हता. पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम कोसळला, फोनने तो पुन्हा सुरू केला, त्याने पुन्हा तोच वॉलपेपर वाचला आणि पुन्हा कोसळला.

फोन कितीही वेळा बंद करून सुरू केला तरी फरक पडत नाही, त्याचं कारण हेच. चूक साठवलेल्या माहितीत बसलेली असते आणि प्रत्येक वेळी तीच वाचली जाते. त्या वेळी काहींना सेफ मोडमधून वाट सापडली, काहींना सगळं पुसावं लागलं.

या सगळ्यात वापरणाऱ्याचा दोष शोधायची आपल्याकडे फार हौस. "काहीतरी डाउनलोड केलं असशील," हे घरातलं पहिलं वाक्य. पण जानेवारी २०२१ मध्ये शाओमीच्या एमआय ए३ चे मालक निमूटपणे कंपनीनेच पाठवलेलं अँड्रॉइड ११ चं अपडेट घेत होते. अपडेट संपलं आणि फोन उठेनात. कंपनीने ते मागे घेतलं आणि भारतातल्या ग्राहकांना सांगितलं, की वॉरंटी असो वा नसो, सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्ती फुकट होईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगचे गॅलक्सी एस१० आणि नोट १० हे जुने फोन असेच गोल गोल फिरू लागले. तिथे तर अँड्रॉइडचं अपडेटही नव्हतं, स्मार्टथिंग्ज या सॅमसंगच्याच ॲपशी जोडलेला एक भाग पार्श्वभूमीत अद्ययावत झाला होता. म्हणून अपडेटनंतर फोन अडकला तर सॉफ्टवेअर मारून घेण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला एक फोन करणं शहाणपणाचं. त्याच मॉडेलची तक्रार आधीच आलेली असू शकते.

घरी करण्यासारखं काय? फोन मूळ चार्जरला निदान अर्धा तास लावून ठेवायचा. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं दिसलं तर मात्र चार्जर लावायचाच नाही, थेट दुकान गाठायचं. सिम आणि मेमरी कार्ड काढायचं. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की बँकेचे ओटीपी तरी येत राहतात. मग सक्तीने पुन्हा सुरू करायचं: अनेक अँड्रॉइड फोनांत पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दहा ते तीस सेकंद, आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलांत आवाज वाढवायचं बटण एकदा, कमी करायचं एकदा आणि मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत दाबून. पाण्यात पडलेल्या फोनवर यातला एकही प्रयोग नको. तांदळाच्या डब्यात पुरणंही नको. तांदळाचे बारीक कण फोनमध्ये शिरून इजा करू शकतात असं ॲपलनेच २०२४ मध्ये बजावलं आहे.

एवढ्याने भागलं नाही तर सेफ मोड. बऱ्याच फोनांत कंपनीचं नाव दिसताच आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं की फोन स्वतःची ॲप घेऊन उठतो आणि नंतर टाकलेली ॲप बाजूला ठेवतो. असा नीट चालला तर अलीकडे टाकलेलं ॲप काढायचं.

तेही जमलं नाही तर रिकव्हरी. बऱ्याच फोनांत पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र धरलं की साधी अक्षरं असलेला काळा पडदा येतो. नव्या सॅमसंग फोनांत त्यासाठी आधी केबलने कॉम्प्युटरला जोडावं लागतं. इथे जपून. 'वाइप कॅश पार्टिशन' आणि 'वाइप डेटा' या ओळी शेजारी शेजारी असतात. पहिलीने तात्पुरत्या फायली जातात, दुसरीने सगळंच. सॅमसंगमध्ये 'रिपेअर ॲप्स' अशीही एक निरुपद्रवी ओळ असते, ती आधी वापरावी. आयफोन रिकव्हरीत नेऊन कॉम्प्युटरला जोडला की 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' असे दोन पर्याय येतात. अपडेट डेटा न पुसता यंत्रणा पुन्हा बसवायचा प्रयत्न करतं, रिस्टोअर पुसूनच बसवतं. घाबरलेला माणूस नेमकं रिस्टोअर दाबतो.

स्वतःला सावरायची थोडी अक्कल अँड्रॉइडलाही आहे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनांत यंत्रणेच्या दोन प्रती ठेवायची सोय आली. अपडेट दुसऱ्या प्रतीवर चढतं आणि ती उठली नाही तर फोन जुन्या प्रतीवर परततो. अँड्रॉइड ८ मध्ये आणखी एक पहारेकरी आला. मुख्य यंत्रणा पाच मिनिटांत पाचाहून जास्त वेळा कोसळली की तो सेटिंग्ज मागे फिरवून पाहतो, आणि तरी जमलं नाही तर 'पुन्हा प्रयत्न करा' आणि 'सगळं पुसा' अशा अर्थाचे दोन पर्याय दाखवतो. आधी पहिला निवडावा, एकदा नव्हे, चार-पाचदा.

पुसायचीच वेळ आली तर गुगल खात्याचा पासवर्ड आठवतो का, ते आधी पाहावं. अँड्रॉइड ५.१ पासून रिकव्हरीतून पुसलेला फोन जुन्या खात्याची ओळख पटवल्याशिवाय उघडत नाही. चोराला अडवायला ठेवलेलं हे कुलूप अनेकदा मालकालाच अडवतं, कारण खातं दुकानदाराने किंवा भाच्याने काढून दिलेलं असतं.

दुकानात सॉफ्टवेअर मारतात म्हणजे फोन कॉम्प्युटरला जोडून कंपनीची यंत्रणा नव्याने लिहितात. फाइल त्याच मॉडेलची आणि योग्य आवृत्तीची हवी. २०१८ मध्ये आपल्याकडे धडाक्यात खपलेल्या रेडमी नोट ५ प्रो वर जुनी आवृत्ती परत टाकणाऱ्यांनी हे अनुभवलं. कंपनीने मागे फिरण्याला बंदी घातली होती आणि ती न जुमानणारे फोन पार मेले. अर्धवट जिवंत फोन पूर्ण डेड करणारी ही वाट आहे.

आणि सॉफ्टवेअर मारूनही लोगो हलत नसेल, तर बोर्ड. जाणता कारागीर बॅटरी काढून बोर्डाला डीसी पॉवर सप्लाय लावतो आणि अँपिअरचा आकडा वाचतो. बटण दाबण्याआधीच करंट ओढला जात असेल तर बोर्डावर शॉर्ट. कोणता कपॅसिटर गेला ते शोधायला बोर्डावर राळेचा धूर देतात. पांढरा थर बसतो, वीज सोडली की गरम होणाऱ्या भागावरचा थर वितळतो आणि गुन्हेगार सापडतो. कधी चिपखालचे कथलाचे बारीक मणी तडकलेले असतात. मग गरम हवेने चिप उचलायची, जाळी ठेवून नवे मणी बसवायचे आणि चिप पुन्हा जागेवर. याला रिबॉलिंग म्हणतात.

मोठ्या कंपन्याही इथे ठेचकाळल्या आहेत. एलजीने जी४ फोनच्या सुट्या भागांमधला संपर्क सैल होत असल्याचं जानेवारी २०१६ मध्ये मान्य केलं. गुगलसाठी एलजीनेच बनवलेला नेक्सस ५एक्स आणि ह्वावेचा नेक्सस ६पी हेही लोगोवर अडकण्यासाठी बदनाम झाले. ६पी च्या अमेरिकेतल्या दाव्यात गुगल आणि ह्वावेने २०१९ मध्ये ९७.५ लाख डॉलरची तडजोड केली. या नेक्सस फोनांवर हौशी प्रोग्रॅमरांनी काढलेला तोडगा मात्र पैशांपेक्षा कामाचा होता. प्रोसेसरचे मोठे, ताकदवान भाग चालू होताना फोन कोसळतो हे ओळखून त्यांनी ते भाग बंद ठेवणारी बूटची फाइल तयार केली. उरलेल्या चार लहान भागांवर फोन रखडत का होईना, पण उठला.

तसा उठलेला फोन फोटो बाहेर काढायला पुरेसा असतो. मेमरीची चिप काढून दुसरीकडे वाचता येत नाही का, असं गिऱ्हाईक विचारतं. जुन्या फोनांत जमायचं. आता नव्या अँड्रॉइड फोनांत डेटा कुलूपबंद साठवणं सक्तीचं आहे, आणि किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी आणि मालकाच्या पिनशी बांधलेली. म्हणून डेटा हवा असेल तर तोच बोर्ड जिवंत करावा लागतो, निदान तासाभरापुरता. हे काम वेळखाऊ, महागडं आणि यशाची खात्री नसलेलं. सावेडीतल्या प्रत्येक काउंटरवर ते होईलच असं नाही, काही बोर्ड पुण्या-मुंबईला पाठवावे लागतात.

ग्राहक व्यवहार मंत्रालयाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं. सुटे भाग, माहिती आणि दुरुस्तीची ठिकाणं ग्राहकाला एकाच जागी कळावीत हा हेतू. मात्र दुकानात फोन देताना पावतीवर मॉडेल, आयएमईआय क्रमांक आणि 'डेटा पुसायचा नाही, आधी विचारायचं' हे लिहून घेण्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि फोन एकदा उठला की लगेच व्हॉट्सॲप उघडून शंभर मेसेज वाचत बसायचं नाही. केबल लावायची, पिन टाकून फोन उघडायचा, आधी फोटोंचं डीसीआयएम फोल्डर, मग 'अँड्रॉइड'मधल्या 'मीडिया'तलं व्हॉट्सॲपचं फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवायचं. संपर्क गुगल खात्यात गेले का ते पाहायचं. ते सगळं दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री झाली, की दादांना खुशाल सांगावं, "मारा सॉफ्टवेअर."