ग्रीनलंडचे पहिले मुख्य प्रधान

उत्तर ध्रुवाकडे नकाशावर दृष्टि फिरविली असतां एक अवाढव्य पांढरा प्रदेश दिसतो. जगांतील सर्वांत मोठें बेट तें हेंच, ग्रीनलंड. त्याचा सुमारें चार-पंचमांश भाग हिमाच्या थराखालीं गाडलेला आहे. उरलेल्या किनाऱ्यावर सारीं मिळून ५६-५७ हजार माणसें राहतात. एवढ्या मूठभर लोकांनीं रक्तपातावांचून आपला कारभार आपल्या हातीं कसा घेतला, हें जाणावयाचें असेल तर योनाथन मोट्सफेल्ट यांचें चरित्र पाहिलें पाहिजे.

मोट्सफेल्ट यांचा जन्म १९३८ सालीं दक्षिण ग्रीनलंडमधील कासिमिउत या लहानशा वस्तींत झाला. प्रथम शिक्षकाचें व पुढें कोपनहेगन येथें धर्मशास्त्राचें शिक्षण घेऊन ते स्वदेशीं धर्मोपदेशक झाले. १९५३ पर्यंत ग्रीनलंड ही डेन्मार्कची वसाहत होती. त्या वर्षीं तें डॅनिश राज्याचा एक भाग ठरलें खरें, परंतु महत्त्वाचे निर्णय कोपनहेगनलाच होत राहिले. १९७२ सालीं युरोपीय आर्थिक समूहांत जावें कीं नाहीं यावर मतदान झालें. ग्रीनलंडच्या सुमारें ७० टक्के मतदारांनीं नकार दिला. तरीहि डेन्मार्कच्या बहुमतापुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. ज्या समुद्रावर त्यांचा चरितार्थ, त्याच समुद्रांतील मासेमारीचे नियम आतां परक्यांच्या हातीं गेले.

या असंतोषाला मोट्सफेल्ट व त्यांचे सहकारी यांनीं सनदशीर वळण दिलें. १९७७ सालीं ‘सियुमुत’, म्हणजे ‘पुढें’, हा पक्ष स्थापन झाला. जानेवारी १९७९ मध्यें जनतेचा कौल मिळाला आणि १ मे रोजीं अंतर्गत स्वराज्य सुरू होऊन मोट्सफेल्ट पहिले मुख्य प्रधान झाले. परराष्ट्रव्यवहार व संरक्षण डेन्मार्ककडेच राहिलें. इतर खातीं एकदम न मागतां, चालविण्याची तयारी होईल तसतशीं घ्यावयाचीं, असें धोरण ठरलें. आरोग्यखातें तर १९९२ सालीं हातीं आलें.

खरी कसोटी समूहांतून बाहेर पडण्याची होती. १९८२ च्या सार्वमतांत सुमारें ५३ टक्के मतें बाहेर पडण्याच्या बाजूनें पडलीं. बहुमत निसटतें होतें. परंतु वाटाघाटी नेटानें चालवून १ फेब्रुवारी १९८५ रोजीं ग्रीनलंड समूहांतून मुक्त झालें. समूहाच्या नियमानें जे पूर्वीं तेथील मासळी नेत, त्यांना आतां करार करून मोबदला द्यावा लागला.

१९९१ सालीं मोट्सफेल्ट पदावरून दूर झाले. १९९७ ते २००२ या काळांत तें पद त्यांनीं पुन्हां भूषविलें. २००९ सालीं स्वशासनाचा अधिक व्यापक कायदा अमलांत आला. त्यानें ग्रीनलंडची भाषा राज्यभाषा ठरली व स्वातंत्र्याचा हक्कहि मान्य झाला. पुढच्याच वर्षीं नूक येथें मोट्सफेल्ट यांचें निधन झालें.

तो हक्क ग्रीनलंडनें अद्यापि बजावलेला नाहीं. निर्यात मुख्यत्वें मासळीचीच, आणि सरकारी खर्चाचा मोठा भाग डेन्मार्कच्या वार्षिक अनुदानावर चालतो. स्वराज्य मतांनीं मिळतें. तें टिकविण्यासाठीं मात्र स्वतःची मिळकत लागते. हा दुसरा प्रश्न मोट्सफेल्ट यांच्या मागून आलेल्या पिढीपुढें उभा आहे.