बिंब राजा
बिंब राजा : (सु. बारावे ते चौदावे शतक). उत्तर कोकणात, विशेषतः साष्टी व मुंबई बेटांत, राज्य केल्याची परंपरा असलेला राजा. भीमदेव, भीमराजा, बिंबदेव, बिंबशहा अशा निरनिराळ्या नावांनी तो ओळखला जातो. भाईंदर, मीरा, पेणकरपाडा या वस्त्यांपासून दक्षिणेस माहीमपर्यंतच्या प्रदेशातील अनेक जुनी घराणी आपल्या वसाहतीचा आरंभ या राजापासून मानतात. त्याचा एकही निर्विवाद शिलालेख, ताम्रपट किंवा नाणे उपलब्ध नसल्याने त्याचे ऐतिहासिकत्व हा वादाचा विषय झाला आहे.

बिंबाविषयीच्या माहितीचे मुख्य साधन म्हणजे महिकावतीची बखर होय. वि. का. राजवाडे यांनी ती संपादून १९२४ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. बखरीची प्रकरणे सहा असून ती निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या हातांनी रचली गेली आहेत. काही गद्यात, तर काही पद्यात आहेत. त्यांतील जुना भाग केशवाचार्य याने शके १३७० (इ. स. १४४८) मध्ये रचला. त्या वेळी हा प्रदेश गुजरातच्या सुलतानांच्या अंमलाखाली होता. मालाडचा देसला नायकोराव यास देवीचा दृष्टांत झाला व महाराष्ट्रधर्म राखण्याची आज्ञा झाली, म्हणून ही वंशकथा सांगितली, असे बखरीत म्हटले आहे. म्हणजे गतराज्याची आठवण एका विशिष्ट हेतूने लेखनबद्ध झाली. बखरीचे मूल्यमापन करताना ही गोष्ट दृष्टिआड करून चालत नाही. महाराष्ट्रधर्म हा शब्द येथे समर्थ रामदासांच्या पूर्वी आढळतो, हेही लक्षणीय आहे.

बखरीतील व तदनुषंगिक परंपरेतील कथा दोन प्रकारच्या आहेत. पहिलीप्रमाणे चांपानेरचा राजा गोवर्धन बिंब याचा भाऊ प्रताप बिंब शके १०६० (इ. स. ११३८) मध्ये कोकणात उतरला. त्याने केळवे-माहीमच्या बाजूचा मुलूख जिंकला आणि पुढे मुंबई बेटावर माहीम ऊर्फ महिकावती हे राजधानीचे नगर वसविले. ओसाड भूमी लागवडीस आणण्यासाठी त्याने सहासष्ट कुळे आणविली. दुसरी कथा यादवांशी निगडित आहे. अलाउद्दीन खल्जीने १२९४ च्या सुमारास देवगिरीवर स्वारी केली, तेव्हा रामचंद्रदेव यादवाचा पुत्र भीमदेव कोकणात आला, त्याने माहीम येथे गादी स्थापिली आणि आपल्याबरोबर प्रभू, ब्राह्मण, सोमवंशी इ. परिवार आणला, असे ती सांगते. दोन्ही कथांत दीड शतकाचे अंतर असूनही राजधानी, कुळांचे आगमन आणि राजाचे नाव जवळजवळ सारखेच आहे. दोन निराळ्या व्यक्तींच्या आठवणी कालांतराने एकात मिसळल्या असाव्यात, असे त्यावरून वाटते.

समकालीन लेखांचा पुरावा पहिल्या कथेस प्रतिकूल आहे. बाराव्या शतकात ठाणे, साष्टी व वसई हा टापू शिलाहारांच्या ताब्यात होता. हरिपालदेवाचा आगाशी येथील लेख ११५० चा, तर अपरादित्याचा परळ येथील लेख ११८७ चा आहे. त्यामुळे याच मुलखात त्याच काळी एक स्वतंत्र राजवंश नांदत होता, हे मानणे कठीण जाते. अपरादित्य पहिला याच्या ११२७ च्या ताम्रपटात छित्तुक नावाच्या शत्रूने राज्य व्यापल्याचा उल्लेख आहे. शिलाहारांच्या अशा अडचणीच्या काळात गुजरातकडून एखादा मांडलिक येथे शिरला असेल, एवढी शक्यता उरते. सहासष्ट कुळांविषयीही सावधगिरी हवी. साष्टी हे नाव ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट यावरून आले असून ते शिलाहार छित्तराजाच्या भांडुप ताम्रपटात (१०२६) येते. नाव राजाहून शंभरावर वर्षांनी जुने आहे. तेव्हा प्रदेशनामातील संख्या कुळांच्या कथेत उतरली असणे अधिक संभवनीय आहे.

दुसऱ्या कथेची पार्श्वभूमी मात्र भक्कम आहे. महादेव यादवाने सु. १२६५ मध्ये शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा आरमारी युद्धात पराभव केला व सोमेश्वर समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची शिल्पे असून काही अभ्यासक त्यांचा संबंध या लढाईशी जोडतात. इतरांच्या मते ते वीरगळ त्यापूर्वीचे आहेत. रामचंद्रदेवाच्या वतीने अच्युत नायक व कृष्णदेव हे अधिकारी कोकणाचा कारभार पाहत, हे ठाणे येथील १२७२ व १२९० च्या ताम्रपटांवरून दिसते. देवगिरी संकटात असताना यादवकुळातील किंवा यादवांच्या सेवेतील एखाद्या पुरुषाने समुद्रकाठच्या या मुलखाचा आश्रय घेणे यात असंभाव्य काही नाही. तथापि रामचंद्रदेवास भीमदेव नावाचा पुत्र असल्याचे यादवांच्या उपलब्ध लेखांत आढळत नाही. मालाडच्या सरदेसाई घराण्याकडील शके १२२१ (इ. स. १२९९) ची म्हणून दाखविली जाणारी बिंबशहाची फार्सी सनद पुरावा म्हणून पुढे केली जाते, पण तिची भाषा व तिच्यातील सरदेसाई, सरदेशपांडे ही पदनामे उत्तरकालीन वाटतात. खल्जींची सत्ता कोकणात पोहोचण्यापूर्वी साष्टीत फार्सी सनद लिहिली जाणे हेच मुळात विचित्र आहे.

राज्याच्या अखेरीबाबत, दिल्लीचा सरदार निका मलिक याने चौदाव्या शतकाच्या मध्यास नागरशाहाचा पराभव करून माहीम घेतले, असे बखर सांगते.

राजवाडे यांनी बखरीतील राजकीय वृत्तांतापेक्षा तिच्यातील कुळे, गावे व वृत्ती यांच्या नोंदींना अधिक महत्त्व दिले. आजही तिचा खरा उपयोग तेथेच आहे. पाठारे प्रभू, सोमवंशी क्षत्रिय पाठारे (पाचकळशी) आणि शुक्ल यजुर्वेदी ब्राह्मण या ज्ञातींच्या परंपरांत बिंबाला मूळपुरुषासारखे स्थान आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात यांपैकी काही कुटुंबे ख्रिस्ती झाली व त्यांचे वंशज साष्टीच्या गावांत राहिले. जमिनीवरील हक्क व ज्ञातीची प्रतिष्ठा या दोहोंसाठी राजदत्त मूळ सांगणे उपयोगी असल्याने निरनिराळ्या घराण्यांनी ही कथा आपापल्या सोयीने वाढविली, असे दिसते.

स्थळांच्या दंतकथाही बऱ्याच आहेत. प्रभादेवीचे मूळ मंदिर बिंबाने उभारले, अशी समजूत आहे. सध्याचे मंदिर अठराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. मुंबईतील नायगाव येथे राजाचे न्यायासन होते, म्हणून ‘न्यायग्राम’ यावरून ते नाव पडले, असेही सांगतात. परंतु भाईंदरसमोर, वसईच्या खाडीच्या उत्तर तीरावरही नायगाव आहे आणि महाराष्ट्रात इतरत्रही या नावाची अनेक गावे आहेत.