डोळ्याचा पडदा, जुने आजार आणि उतारवय: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पसरलेला, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा पापुद्रा म्हणजे दृष्टिपटल. बोलताना त्याला डोळ्याचा पडदा म्हणतात. प्रकाशाचे विद्युत संदेशात रूपांतर करणाऱ्या या पडद्याला प्राणवायू सतत लागतो. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या बिघडवणारा कोणताही जुना आजार त्याच्यापर्यंत पोचतो. नागपूर आणि विदर्भात मधुमेह व उच्च रक्तदाबाच्या जोडीला सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे.

गैरसमज: स्पष्ट दिसते, म्हणजे पडदा निरोगी आहे.
वस्तुस्थिती: मधुमेहात पडद्यातील केशवाहिन्या कमकुवत होतात, फुगतात आणि त्यांतून रक्त व द्रव झिरपतो. बारीक वाचण्यासाठी वापरला जाणारा पडद्याचा मध्यभाग सुरक्षित असेपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही. टाइप २ मधुमेह बरेचदा उशिरा लक्षात येतो. म्हणून निदान झाल्याबरोबर पडद्याची तपासणी करावी आणि पुढे साधारणपणे दरवर्षी. टाइप १ मध्ये ती निदानानंतर पाच वर्षांनी सुरू होते. मधुमेही स्त्रीला दिवस गेले, तर सुरुवातीच्याच महिन्यांत पडदा तपासावा लागतो.

गैरसमज: चष्म्याचा नंबर काढला की डोळे तपासून झाले.
वस्तुस्थिती: नंबरावरून पडद्याची अवस्था कळत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून किंवा खास कॅमेऱ्याने पडदा प्रत्यक्ष पाहावा लागतो. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते आणि ऊन सहन होत नाही. त्या काळात गाडी चालवू नये.

गैरसमज: साखर आटोक्यात ठेवली की पुरे.
वस्तुस्थिती: साखरेचे महत्त्व निर्विवाद आहे. १९९३ च्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात टाइप १ च्या रुग्णांनी साखर काटेकोर ठेवल्यावर पडद्याचा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण १९९८ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासाने दाखवले, की टाइप २ मध्ये रक्तदाब ताब्यात ठेवल्यानेही हा विकार बळावण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. वाढलेल्या रक्तदाबाने पडद्याची शीर तुंबली, तर एका डोळ्याची नजर एकाएकी, न दुखता मंदावते.

गैरसमज: सिकल सेल म्हणजे फक्त रक्तक्षय आणि अंगदुखी.
वस्तुस्थिती: विळ्याच्या आकाराच्या ताठर पेशी पडद्याच्या कडेच्या वाहिन्या बंद करतात. तिथे नाजूक नव्या वाहिन्या उगवतात, त्या फुटल्या की डोळ्यात रक्तस्राव होतो. कधी पडदाही सुटतो. सुरुवात कडेला होत असल्याने नजर बराच काळ चांगली राहते. म्हणून रुग्ण मुलांची तपासणी दहाव्या वर्षापासून नियमित व्हावी. वाहकांना, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेल्यांना, सहसा हा त्रास होत नाही. मात्र मार लागून डोळ्यात रक्त साकळले, तर आपण वाहक आहोत हे डॉक्टरांना जरूर सांगावे.

गैरसमज: म्हातारपणी कमी दिसते ते मोतीबिंदूमुळे, ऑपरेशन केले की सगळे दिसते.
वस्तुस्थिती: मोतीबिंदू भिंगात असतो. वयानुसार पडद्याचा मध्यभागही झिजू शकतो: सरळ रेषा वाकड्या दिसतात, समोरच्या माणसाचा चेहरा पुसट होतो, कडेचे मात्र दिसत राहते. मोतीबिंदू काढल्याने ही झीज भरून येत नाही. धूम्रपानाने तिचा धोका वाढतो. विशिष्ट जीवनसत्त्वे व जस्ताच्या गोळ्यांनी मध्यम झीज असलेल्यांमध्ये आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे २००१ मध्ये दिसले. निरोगी डोळ्यांना त्यांचा तसा उपयोग नाही.

गैरसमज: पडद्यावर लेसर उपचार केल्याने नजर जाते.
वस्तुस्थिती: लेसर उरलेली नजर वाचवण्यासाठी असतो, गेलेली नजर तो सहसा परत आणत नाही. उशिरा आलेल्या रुग्णाची नजर आधीच खालावलेली असते आणि दोष उपचाराला लागतो. पडद्याची सूज उतरवणारी डोळ्यातली इंजेक्शने अनेकांची नजर सुधारतात, पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. मध्येच सोडल्यास सूज परतू शकते.

गैरसमज: डोळ्यांपुढे काळे ठिपके येणे म्हणजे अशक्तपणा.
वस्तुस्थिती: एखादा जुना ठिपका बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु ठिपके अचानक वाढणे, विजेसारखे चमकणे किंवा एका बाजूने सावली सरकणे ही पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी टॉनिक घेत थांबू नये. नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा एम्स या रुग्णालयांच्या नेत्रविभागात, अथवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे, त्याच दिवशी जावे.