करुणा शिकविता येते काय?

नाडी मोजणे, इंजेक्शन देणे, मलमपट्टी करणे हे वर्गात शिकविता येते. परंतु कण्हणाऱ्या अनोळखी माणसापाशी क्षणभर थांबावेसे वाटणे, हे पाठांतराने साधत नाही. उलट अभ्यासाचा ताण, रात्रपाळी आणि अपुरे मनुष्यबळ यांमुळे शिकाऊ परिचारिकेच्या मनातील मूळचा ओलावाही आटू शकतो.

यावरील एक उपाय म्हणून काही परिचर्या महाविद्यालये विद्यार्थ्यांना परदेशी सेवेस पाठवितात. पूर्वतयारी, प्रत्यक्ष सेवा आणि अनुभवाचे चिंतन ही या शिक्षणाची तीन अंगे होत. परमुलखात भाषा कळत नाही, रीतिरिवाज उमगत नाहीत. विद्यार्थिनी स्वतःच परकी ठरते. रुग्णालयाची पायरी प्रथमच चढणाऱ्या खेडुताची धास्ती तिला तेथे समजते.

आपल्या सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. काही सहकारी परतले, तरी ते तेथेच राहिले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, जखमींवर उपचार केले, नव्या वैद्यकीय सेवकांना शिकविले. परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. रुग्णाची भाषा शिकण्याइतका वेळ देणे, हा त्यांच्या सेवेचा मोठा धडा आहे.

मात्र चार दिवसांची सेवा ही सहल ठरू नये. स्वदेशी जे करण्याची शिकाऊ हातांना मुभा नाही, ते परदेशी गरिबांवरही करू नये. कोणती मदत हवी, हे तेथील लोकांनीच ठरवावे.

आणि परका मुलूख समुद्रापारच असतो असे नाही. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांतून राहणारी कुटुंबे, पंढरीच्या वाटेवरील कानडी वारकरी हेही सांगोल्याच्या परिसरात परकेच असतात. सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय अभ्यासक्रमात आहेच. त्याला नोंदवहीपलीकडे नेऊन अशा माणसांशी जोडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

यासाठी विमानाच्या तिकिटाहून अधिक गरज आहे ती विद्यार्थिनींसोबत जाणाऱ्या व सायंकाळी त्यांचे अनुभव ऐकून घेणाऱ्या ज्येष्ठ परिचारिकेची. देणगीदारांनी या कार्यास हातभार लावावा. रुग्णांच्या नातेवाइकांनीही आपणांस कशी वागणूक मिळाली, हे निःसंकोच सांगावे. विद्यार्थिनींच्या शिक्षणाची खरी परीक्षा तेथेच होते.